विंडोजची किंमत वेगळी लिहा : जिल्ह्यातील संगणक विक्रेत्यांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, पदाधिकारी आणि सर्व सभासद,
जिल्ह्यातील संगणक विक्रेत्यांची संघटना यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या संघटनेचे एकपानी पत्रक आमच्या शाळेत आले. सोबत आपल्याच एका सभासदाचे कोटेशन होते. तालुक्यातल्या बाकीच्या शाळांनाही ते गेले आहे, असे मुख्याध्यापकांच्या बैठकीत कळले. आमच्या संस्थेच्या सभेत पत्रक मोठ्याने वाचले गेले आणि वीस मिनिटांत शाळेचे २२ संगणक भंगारात काढायचे जवळजवळ ठरलेच. त्या सभेला मी हजर होते. मी गणित शिकवते आणि संगणकाची लॅब माझ्याकडे आहे. "मला थोडा वेळ द्या, मी माहिती काढते," एवढेच मला तेव्हा बोलता आले. माहिती काढली, ती इथे मांडते आहे. पत्रक सगळ्या शाळांना गेले, म्हणून उत्तरही सगळ्यांना वाचता येईल असे लिहिते आहे.

पत्रकात विंडोजबद्दल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल (प्रणालीबद्दल), चार विधाने आहेत. शंभरात नव्व्याण्णव ग्राहक विंडोजच मागतात. विंडोज मशीनबरोबर फुकट येते, त्यामुळे ती न घेतल्याने किंमत कमी होत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० बंद झाली असून तिच्यावरचे संगणक निकामी आहेत. आणि लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या फुकट प्रणालीवर, मराठी चालत नाही. यातली एक तारीख सोडली तर पडताळून पाहता येईल असे पत्रकात काही नाही. आकडा कुणी मोजला, कुठे मोजला, किती दुकानांत, किती महिने, याबद्दल एक ओळही नाही.

हे मनाला का लागले ते सांगते. आमचे २२ संगणक २०१८ च्या जूनमध्ये घेतलेले आहेत. १९९३ च्या दहावीच्या तुकडीने पंचवीस वर्षांनी मेळावा घेतला आणि त्यातून पैसे उभे राहिले. पावत्या मी फाडल्या. पुण्यात नोकरीला असलेल्या एकाने २५ हजार दिले, आणि आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या एकीने ५०० रुपयांची चौघडी केलेली नोट दिली. तिची मुलगी आज आमच्याकडे नववीत आहे, सात नंबरच्या मशीनवर बसते. त्या मशीनची आपल्या कोटेशनमध्ये किंमत ८०० रुपये धरली आहे.

आता पहिले विधान. शंभरात नव्व्याण्णव.

किमती विचारायला मी शहरातल्या पाच दुकानांत गेले होते. एका दुकानात माझ्या आधी एक बापलेक बसले होते. मुलगी अकरावीला. वडील म्हणाले, "हिला कॉलेजला लागेल असा लॅपटॉप दाखवा, चाळीसच्या आत." दुकानदाराने आय-थ्री की आय-फाइव्ह ते विचारले, रंग विचारला, बॅग आणि माऊस वर मिळेल म्हणून सांगितले, ईएमआयचे गणित मांडून दाखवले. ऑपरेटिंग सिस्टीमचा शब्द दोघांपैकी कुणीच काढला नाही. बिल झाले, लॅपटॉप गेला. ही विक्री आपल्या पत्रकाच्या हिशेबात 'विंडोज मागितली' अशी धरली जाणार. त्या मुलीसमोर दोन मशीन ठेवून किमतीतला फरक सांगितला असता आणि मग तिने विंडोज उचलली असती, तर तिची मागणी मी मान्य केली असती. विचारलेच नाही त्याचे उत्तर कुठून आले?

विक्रीच्या आकड्यांत नेमके काय मोजले आहे, हे न बघता ते पुढे ढकलण्याची खोड फक्त आपल्या जिल्ह्यात नाही. मे २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी विंडोजच्या व्हिस्टा या आवृत्तीच्या ४ कोटी प्रती शंभर दिवसांत विकल्या गेल्याचे जाहीर केले. त्या आकड्यात संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना दिलेले परवानेही होते, आणि व्हिस्टाच्या बिझनेस आवृत्तीच्या परवान्यावर त्याआधीची विंडोज एक्सपी वापरायची मुभा होती. म्हणजे विक्री व्हिस्टाची नोंदली जाई आणि टेबलावर एक्सपी चालू असे. आयडीसी आणि गार्टनर या संस्थांचे तिमाही आकडे मुख्यतः कंपन्यांकडून वितरणासाठी किती यंत्रे बाहेर पडली ते सांगतात. क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीवर चालणारे लॅपटॉप) धरायचे की नाही यावरही त्यांचे एकमत नव्हते, आयडीसी धरे आणि गार्टनर वगळे. स्टॅटकाउंटर ही संस्था वेबपानांच्या भेटी मोजते. प्रत्येकाचा उपयोग आहे, पण 'ग्राहक काय मागतो' हे यातले कुणीच मोजत नाही.

सगळ्यात बोलके उदाहरण नेटबुकचे आहे. आपल्यातल्या जुन्या दुकानदारांना ती छोटी यंत्रे आठवत असतील. २००७ च्या ऑक्टोबरात असुसने सात इंची ई-पीसी आणला, तो लिनक्सवर चालत होता. व्हिस्टा एवढ्याशा यंत्राला झेपणारी नव्हती, म्हणून मायक्रोसॉफ्टने निरोप द्यायला काढलेल्या एक्सपीला अशा यंत्रांपुरती मुदतवाढ दिली. मग एप्रिल २००९ मध्ये कंपनीने सांगितले की अमेरिकेत अशा छोट्या लॅपटॉपमधला विंडोजचा वाटा १० टक्क्यांच्या आतून ९६ टक्क्यांवर गेला. आकडा एनपीडी या संस्थेचा होता, फेब्रुवारी २००९ चा, एका देशातल्या किरकोळ विक्रीचा. तो जगभर 'लिनक्स लोकांना नकोच' याचा पुरावा म्हणून फिरला. लिनक्सवाले नेटबुक चौपट परत येतात, हे एमएसआय कंपनीच्या एका अधिकाऱ्याचे २००८ मधले बोलणेही असेच फिरले. पुढच्या वर्षी डेलने आपल्याकडे परत येण्याच्या प्रमाणात तसा फरक नाही असे सांगितले, ते मात्र कुणाच्या लक्षात राहिले नाही. ९६ टक्के हा आकडा खोटा होता असे मी म्हणत नाही. त्याच्या पोटात काय होते आणि काय नव्हते हे वाचणाऱ्याला कळायला हवे होते, एवढेच माझे म्हणणे आहे. आपल्या नव्व्याण्णवच्या पोटात काय आहे ते आपणही सांगावे.

दुसरे विधान पैशांचे आहे आणि माझी खरी तक्रार इथे आहे.

आपल्या सभासदाचे कोटेशन असे : २२ संच, प्रत्येकी ४१,५०० रुपये, 'विंडोज ११ सह'. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण १०,७७,३४० रुपये. विंडोजची ओळ वेगळी नाही. मी पाचही दुकानांत एकच प्रश्न विचारला : हेच मशीन विंडोजशिवाय कितीला? तीन ठिकाणी उत्तर आले, "किंमत तीच, विंडोज कंपनीच फुकट देते." चौथ्या दुकानदाराने कागदावर लिहून दिले : तेच मॉडेल, तोच प्रोसेसर, तेवढीच रॅम, फ्रीडॉससह (विंडोजऐवजी घातलेल्या फुकट, अगदी साध्या प्रणालीसह) ३७,९००. फरक ३,६०० रुपयांचा. २२ संचांचा ७९,२०० आणि जीएसटी धरून ९३,४५६ रुपये. आमच्या शाळेत एवढ्या पैशांत प्रयोगशाळेच्या छपराचे गळके पत्रे बदलून होतील. हा एका मॉडेलचा, एका दुकानातला फरक आहे, सगळीकडे तेवढाच असेल असा माझा दावा नाही. पण फरक शून्य आहे हे विधान एका कागदाने खोटे ठरले.

पाचव्या दुकानात जे ऐकले ते लिहायला मला संकोच वाटतो, पण ते या हिशेबाचाच भाग आहे. "मॅडम, डॉस मशीन घ्या, विंडोज आम्ही टाकून देतो, त्याचे पैसे नाहीत." परवान्याचे विचारल्यावर उत्तर मिळाले, "सगळे असेच चालते." आमच्या गावात किती घरांत स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' अशी फिकट ओळ दिसते, हे पालकांच्या भेटीला गेले की मी बघते. त्यांच्या हातात बिल आहे, परवाना नाही, आणि आपल्याला काय विकले गेले हे त्यांना ठाऊकच नाही. पत्रकातल्या नव्व्याण्णवांमध्ये ही यंत्रे धरली आहेत का? धरली असतील तर ती विंडोजची विक्रीसुद्धा नव्हे. शाळेत परवान्याशिवायची प्रत टाकून मुलांना मी प्रामाणिकपणाचा धडा शिकवू शकणार नाही.

'फुकट'ची ही समजूत कुठून रुजली, याचा इतिहास सरकारदरबारी नोंदलेला आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्ट संगणक उत्पादकांशी प्रोसेसरमागे परवान्याचे करार करत असे. ठरलेल्या प्रकारच्या प्रोसेसरची जितकी यंत्रे कारखान्यातून बाहेर पडतील तितक्यांचे पैसे द्यायचे, आत कंपनीची प्रणाली असो वा दुसऱ्या कुणाची. दुसरी घालणाऱ्याला दोनदा खर्च पडे. अमेरिकेच्या न्याय खात्याने हरकत घेतली आणि जुलै १९९४ मध्ये कंपनीने ती पद्धत सोडायचे मान्य केले. ग्राहकाला किंमत दिसत नव्हती, पण ती कुणीतरी भरत होतेच. आजही अमेरिकेत विंडोज ११ होमची सुटी प्रत १३९ डॉलरला मिळते. उत्पादकांना ती त्याहून खूप स्वस्त पडते हे मला मान्य आहे. तरी स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. नेटबुकच्या लाटेत, डिसेंबर २००८ ला संपलेल्या तिमाहीत, विंडोज विभागाचे उत्पन्न ८ टक्क्यांनी घटले, आणि स्वस्त नेटबुककडे वळलेली मागणी हे त्याचे एक कारण कंपनीनेच दिले होते. वस्तू फुकट असती तर हा फटका बसला नसता.

न्यायालयांची मते यात वेगवेगळी आहेत, दोन्ही सांगते. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एचपीच्या प्रकरणात ग्राहकाला नको असलेल्या विंडोजचे पैसे परत मिळायला हवेत असा निकाल दिला. युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये सोनीच्या प्रकरणात, प्रणाली घालून संगणक विकणे आणि तिची किंमत वेगळी न सांगणे ही एवढ्यावरून अनुचित प्रथा ठरत नाही, असे म्हटले. त्यामुळे आपण कायदा मोडला असा आरोप मी करत नाही. पण आपल्याकडच्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. एक वस्तू घ्यायची तर दुसरीही घ्या, अशी अट घालण्याला त्याच कायद्यात निर्बंधात्मक व्यापारी प्रथा म्हटले आहे. किंमत विचारल्यावर 'फुकट' हे उत्तर देणे या हक्कात बसत नाही.

आता 'निकामी' या शब्दाबद्दल. १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख खरी आहे. त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येणे थांबले. मशीन थांबले नाही. इंटरनेटला जोडलेले मशीन दुरुस्त्यांशिवाय वर्षानुवर्षे वापरू नये, हे मी मुलांनाही सांगते. पण आपल्या पत्रकाने जे सांगितले नाही ते असे : घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या वाढवून दिल्या आहेत, आणि शैक्षणिक संस्थांसाठी तीन वर्षांची योजना जाहीर केली आहे, यंत्रामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. शाळेकडे परवाना कोणत्या प्रकारचा आहे ते त्यासाठी बघावे लागते. ते बघून सांगणे हे विक्रेत्याचे काम होते. दहा लाखांचे कोटेशन पाठवण्याआधी यंत्रामागे काही डॉलरचा हा पर्याय संस्थेला कळायला नको होता का?

आमच्या यंत्रांना विंडोज ११ चालत नाही हे खरे आहे. त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आहे आणि विंडोज ११ ला इंटेलच्या प्रोसेसरची किमान आठवी पिढी लागते. डेस्कटॉपसाठीची आठवी पिढी ऑक्टोबर २०१७ मध्ये आली होती. आम्हाला जून २०१८ मध्ये सातवी विकली गेली. तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हते, विंडोज ११ ची घोषणाच २०२१ च्या जूनमध्ये झाली, त्यामुळे त्याचा दोष मी कुणाला देत नाही. पण ज्या यंत्राचा पंखा, पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, पडदा सगळे शाबूत आहे त्याला निकामी म्हणताना ते एकदा उघडून बघायला हवे होते. आपल्याकडून कुणीही लॅबमध्ये आले नाही.

म्हणून आम्ही उघडले. सात नंबरचे मशीन घेतले. आमचा एक माजी विद्यार्थी आयटीआयला आहे, तो रविवारी आला. पंख्यावरची धूळ ब्रशने काढली, जुनी हार्ड डिस्क काढून १,६०० रुपयांची एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवली, ६०० रुपयांची वापरलेली चार जीबी रॅम घातली आणि लिनक्स मिंट ही लिनक्सची एक आवृत्ती टाकली. पूर्वी हे मशीन चालू करून आम्ही परिपाठाला जायचो आणि प्रतिज्ञा होईपर्यंत ते कामाला तयार व्हायचे. आता मुलगी बाक ओढून बसेपर्यंत तयार असते. सहा आठवडे नववीच्या ४७ मुलांनी आळीपाळीने त्यावर काम केले : जिओजेब्रात गणित, स्क्रॅचमध्ये प्रोग्रॅमिंग, लिबर ऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये तक्ते आणि निबंध. शाळेची यू-डायस प्लसची (शाळांच्या सरकारी नोंदीची) माहितीही ब्राउझरमधूनच भरायची असते, तीही भरून झाली.

अडचणींची वही मी ठेवली आहे, कुणीही येऊन बघावी. जुन्या प्रिंटरचे स्कॅनिंग चालले नाही. ऑफिसची श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे उघडली तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे आली. ही अडचण खरी आहे, आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचीही आहे. म्हणून ऑफिसचे एक मशीन विंडोजवरच राहावे असे मी संस्थेला लिहून दिले आहे, रीतसर परवान्यासह.

मात्र 'मराठी चालत नाही' हे विधान चूक आहे. श्रीलिपीची जुनी पत्रे अडतात ती युनिकोडमध्ये (अक्षरे साठवण्याच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत) नसल्यामुळे, नव्या विंडोज मशीनवरसुद्धा तो फॉन्ट नसेल तर ती तशीच दिसतील. युनिकोड मराठी लिनक्सवर वर्षानुवर्षे चालते आहे. मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच. लिबर ऑफिस आणि फायरफॉक्स मराठीतून वापरता येतात. बॉस ही लिनक्सची भारतीय आवृत्ती सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने काढली, आणि सी-डॅकचे मुख्यालय आपल्या पुण्यात आहे. केरळच्या सरकारी शाळांत तर दीड दशकाहून जास्त काळ लाखो मुले मल्याळममधून लिनक्सवर शिकत आहेत. 'ऱ्हस्व' आणि 'दुसऱ्या' हे शब्द मुलांनी कसे टाइप केले ते मी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर छापून ठेवले आहे.

आपल्या धंद्याची ओढाताण मला दिसते. ऑनलाइन विक्रीने दुकानाचे गिऱ्हाईक नेले, मशीनमागे मार्जिन उरले नाही, आणि विंडोज सोडून दुसरे काही दिले तर "चालत नाही" म्हणून पहिला फोन दुकानालाच येतो. चौथ्या दुकानदाराने मला हेच सांगितले आणि तरी किंमत लिहून दिली. दुरुस्ती, एसएसडी बदलणे, लिनक्स बसवून वर्षभर सांभाळणे याचे पैसे घ्यावेत, शाळा ते देतील. मी स्वतः संस्थेकडे त्यासाठी वार्षिक देखभालीचा प्रस्ताव ठेवला आहे.

माझ्या मागण्या अशा.

नव्व्याण्णवचा आकडा कुठून आला ते संघटनेने जाहीर करावे. सांगता येत नसेल तर पत्रक मागे घ्यावे, आणि ज्या ज्या शाळेला ते गेले तिथे तसे लेखी कळवावे. शाळांना आणि ग्रामपंचायतींना देण्याच्या प्रत्येक कोटेशनमध्ये यंत्राची किंमत एका ओळीत आणि ऑपरेटिंग सिस्टीमची दुसऱ्या ओळीत लिहावी, आणि विंडोजशिवायचा दर विचारला तर तो कागदावर द्यावा. परवाना नसलेली विंडोज कोणत्याही सभासदाने कुणालाही टाकून देऊ नये, निदान शाळेला तरी नक्कीच नाही. जुनी यंत्रे भंगारात घ्यायच्या आधी ती प्रत्यक्ष तपासून कोणते दुरुस्त होईल आणि किती खर्चात, याचा लेखी अहवाल द्यावा. आणि ग्राहकाला काय हवे याबद्दल बोलायचे असेल तर सहा महिने काउंटरवर दोन्ही पर्याय किमतीसह दाखवून मोजणी करावी. तेव्हाही नव्व्याण्णव आले तर मी याच ठिकाणी ते लिहीन.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संस्थेची सभा आहे, त्यात २२ यंत्रांचा निर्णय होईल. त्याआधी कोणत्याही दिवशी चार वाजल्यानंतर लॅब उघडी असते. आपल्यापैकी कुणीही यावे, सात नंबरचे मशीन चालवून बघावे, वही वाचावी, माझे काही चुकले असेल तर दाखवावे. दुकानाचे नाव झाकून ३७,९०० चा तो कागदही दाखवीन. आपले लेखी उत्तर सभेआधी आले तर ते मी स्वतः सभेत वाचून दाखवीन, पूर्ण, एकही ओळ न गाळता.

आपली नम्र,
संगणक कक्ष सांभाळणारी एक गणित शिक्षिका